बियाण्यासारखे ॲपही पारखून घ्या

भोकर : पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तुम्ही कशी तपासता? १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे अन् आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरायला योग्य. घरचे म्हणून कुणी ते टाकून देत नाही, आणि पिशवी चकचकीत म्हणून डोळे झाकून पेरतही नाही. शेतकरी बांधवांनो, मोबाइलवरच्या ॲपलाही हीच रीत लावा.

ॲप आता कुणीही बनवतो. त्यात वावगे काही नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आपल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभा तोच आहे. पण लिनक्सची घडण उघडी होती. जगभरच्या जाणकारांनी ती तपासली, चुका दुरुस्त केल्या. व्हॉट्सॲपवर आलेली ‘पीएम किसान’ची एपीके फाइल कुणी तपासली? २०१९ ची ही योजना खरी, वर्षाचे ६,००० रुपयेही खरे. पण तिच्या नावाच्या खोट्या फायलींनी राज्यात शेतकऱ्यांना गंडा घातला आहे. फाइल उघडून परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती!

मग पारख कशी करायची?

१) व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडूच नका, पाहुण्याने पाठवली तरी.

२) प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखाली बनवणाऱ्याचे नाव असते, ते वाचा. सरकारी ॲपचा दुवा खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

३) ॲप काय मागते ते बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी कॅमेरा अन् ठिकाण मागते. पिकाचा फोटो शेतातूनच काढायचा असल्याने ते रास्त आहे. पण हवामान सांगणाऱ्या ॲपला तुमचे मेसेज कशाला हवेत?

४) बाजारभावाचे ॲप असेल तर तीन-चार दिवस मोंढ्यातल्या भावाशी ताडून बघा. शेवटची सुधारणा कधी झाली, तेही पाहा.

५) ताऱ्यांवर भुलू नका, ते विकतही मिळतात. कमी तारे देणाऱ्यांच्या तक्रारी आधी वाचा.

ग्राम महसूल अधिकारी अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही गावच्या ग्रुपवर काही पुढे पाठवण्याआधी स्वतः खात्री करावी. साहेबांनी पाठवले म्हटल्यावर गाव दुसऱ्यांदा विचारत नाही.

तरीही फसगत झालीच, तर लाजू नका. इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा अन् १९३० ला तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. बोगस बियाण्याने एक हंगाम बुडतो. बोगस ॲप मात्र साऱ्या हंगामांची कमाई एका रात्रीत नेते.