गळाआधीचं हातभर तंगूस

बदलापूर गावातून उल्हास वाहते ती राजमाचीच्या डोंगरातलं पाणी घेऊन. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र 1922 मध्ये सुरू झालं, आणि तिथून सुटणारं पाणी या नदीला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं. त्यामुळे इथे गरवायला बसणाऱ्याला चैत्र-वैशाखही वर्ज्य नसतो. मरळ, शिंगाळा, वांब, रोहू, तिलापिया असं बरंच काही गळाला लागू शकतं. पण तळाशी काळा कातळ आहे आणि संथ पाण्यात जलपर्णी. मासा निसटतो तो बहुतेकदा या दोघांमुळे, आणि तंगूस तुटतं ते गळाजवळच्या शेवटच्या हातभर भागात.

हौशी मंडळी या भागाला लीडर म्हणतात. तयार लीडर दुकानात मिळतात, पण आपल्या नदीचा तळ दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? म्हणून ज्याला दरवेळी नवा गळ परवडत नाही, त्याने हा तुकडा घरीच बांधावा.

सुरुवात तंगूस निवडण्यापासून होते. नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर थोडं नरम पडतं. उन्हात पडून राहिलं की आतून कमजोर होतं, वरून मात्र तसंच दिसतं. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये आणलेलं फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही आणि कातळावर घासलं तरी जास्त टिकतं, पण महाग पडतं. लीडरला लागतंच किती? दोन-तीन फूट. तेवढ्यापुरतं ते घ्यावं, रिळावर साधं नायलॉन ठेवावं.

मग गाठ. गळाच्या डोळ्यात ओवून मारलेली साधी गाठ तंगुसाची जवळपास निम्मी ताकद खाते, कारण ते स्वतःलाच कापत जातं. त्याऐवजी तंगूस गळाच्या डोळ्यातून दांडीवर आणायचं, सहा-सात वेढे एकाला एक चिकटून घालायचे आणि टोक वेढ्यांखालून काढायचं. एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली की घर्षणाची उष्णता नायलॉनला भाजते. तो भाग किंचित पांढरट, खरखरीत दिसला तर कापून टाकायचा. या बांधणीत ओढ थेट दांडीच्या रेषेत येते.

गांडुळासाठी दोन गळ लागतात. मागचा आधी बांधायचा, दुसरा त्याच्या पुढे दोन-तीन बोटांवर. गांडूळ दोन्हींवर सरळ ओवलं की पाण्यात गोळा होत नाही, आणि शेपटाकडून चावणारा मासाही मागच्या गळावर येतो. पुढे तीन-चार मणी आणि एक चकचकीत पत्र्याची फिरती पाकळी ओवली की ओढताना ती लखलखते. वरच्या टोकाला फिरकी हवीच, नाहीतर पाकळी सगळ्या तंगुसाला पीळ घालते.

शिवड्यासारख्या दातेरी माशाची शक्यता असेल तिथे शेवटची वीतभर बारीक पोलादी तार लावावी. सात पदरी तार धातूच्या बारीक नळीतून दुमडून ती नळी पकडीने दाबायची, पण बेताने. जास्त चेपली तर नळीची कडाच पदर कापते.

बांधलेला लीडर घरीच तपासता येतो. गळ पक्क्या दांडीला अडकवायचा, दुसऱ्या टोकाला बादली टांगायची आणि हळूहळू पाणी ओतायचं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, वर बादलीचं वजन. कुठे तुटतं ते पाहायचं. गाठीत तुटलं तर बांधणी चुकली.

बाराव्या शतकात कल्याणीच्या (आपलं कल्याण नव्हे, आजचं बसवकल्याण) तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मासे गरवण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. राजालाही दोरी आणि आमिष यांचा विचार करावासा वाटला, इतकी ही कारागिरी जुनी आहे.

माझ्या मते तिचा गाभा एकच: तुटायची वेळ आलीच तर कुठे तुटावं, हे घरी बसून ठरवणं. रिळावर 0.40 मिलिमीटरचं तंगूस असेल तर लीडर 0.35 चा, आणि शिसं लटकवणारा फाटा 0.25 चा ठेवावा. शिसं कातळात अडकलं तर फाटा तुटतो, मासा आणि गळ वाचतात. गळ अडकला तर हातभर लीडर जातो, पन्नास फूट तंगूस पाण्यात राहत नाही. तसं मागे राहिलेलं तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. त्यात बगळ्या-पाणकावळ्यांचे पाय अडकतात. शिशाऐवजी लोखंडी नट बांधला तर नदीत विषही जात नाही.

उल्हासचं पाणी याच गावातून पुढे लाखो घरांच्या नळाला जातं. म्हणून पोराच्या हातात गरी देणाऱ्याने त्याला आधी ही गाठ शिकवावी, आणि कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणायची सवयही लावावी.