पहिला अल्बम, पहिला करार: ‘द स्टोन रोझेस’ची साडेपाच वर्षे

लंडनच्या ‘द ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राच्या संगीत पुरवणीने २००४ मध्ये सर्वोत्तम शंभर ब्रिटिश अल्बमची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘द बीटल्स’ नव्हते. तो मान मिळाला होता मँचेस्टरच्या चार तरुणांनी १९८९ मध्ये काढलेल्या पदार्पणाच्या अल्बमला. बँडचे नाव ‘द स्टोन रोझेस’ आणि अल्बमचे नावही तेच. अशा यादीविषयी वाद होतच असतात. या निवडीवरही तो घालता येईल. पण ज्या बँडचा पहिलाच अल्बम इतका मोठा मानला गेला, त्याचा दुसरा अल्बम बाजारात यायला डिसेंबर १९९४ उजाडला, ही वस्तुस्थिती अधिक विचार करायला लावणारी आहे. या साडेपाच वर्षांच्या विलंबाला कारणे अनेक होती. त्यांपैकी एक कारण मात्र न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले आहे, आणि ते पहिल्या अल्बमइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आजच्या नवोदित कलाकारांच्या कामाचे आहे. ते म्हणजे हा अल्बम ज्या करारावर उभा होता तो करार.

या बँडला ‘इंडी रॉक’ म्हणतात. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. पण स्वतंत्र कोण? आज हा शब्द ऐकला की गिटारचा विशिष्ट नाद, साधे कपडे, बाजारू चकचकाटाविषयीची नावड असे चित्र डोळ्यांपुढे येते. मुळात मात्र शब्दाचा संबंध सुरांशी नव्हता, मालाच्या वाहतुकीशी होता. ब्रिटनमध्ये १९८० च्या आरंभी स्वतंत्र कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांची वेगळी विक्री-यादी सुरू झाली. त्या यादीत शिरण्याची अट एकच होती: ध्वनिमुद्रिकेचे वितरण बड्या कंपन्यांच्या जाळ्यातून झालेले नसावे. गाणे कसे आहे, बँडला कंपनीने कसे वागवले, गायकाच्या हाती किती पैसे पडले, यांतले काहीच त्या अटीत नव्हते. पुढे या यादीत गिटारवाद्यवृंदांची गर्दी झाली आणि गोदामाची ती खूण संगीतशैलीचे नाव बनली. स्वातंत्र्य कंपनीचे होते. ते कलाकाराचे आहे असा समज हळूहळू रूढ झाला.

‘द स्टोन रोझेस’ची स्थापना १९८३ ची. गायक इयन ब्राउन आणि गिटारवादक जॉन स्क्वायर हे बालपणापासूनचे सोबती. ड्रमवादक रेनी १९८४ मध्ये आला आणि बेसवादक मॅनी १९८७ मध्ये. गिरण्या आणि कारखाने बंद पडत चाललेल्या, बेकारीने पोखरलेल्या मँचेस्टरमध्ये त्या काळात बँड काढणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. १९८५ मध्ये त्यांनी मार्टिन हॅनेट या नामांकित निर्मात्याबरोबर एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. तो मनासारखा उतरला नाही म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. या फितींचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

१९८८ मध्ये ‘सिल्व्हरटोन’ या नव्या कंपनीशी त्यांचा करार झाला. ‘सिल्व्हरटोन’ ही ‘झोम्बा’ समूहाची शाखा होती. या समूहाकडे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या होत्या, गीत-संगीताचे हक्क सांभाळणारा प्रकाशन विभाग होता आणि लंडनमध्ये ‘बॅटरी’ नावाचा स्वतःचा स्टुडिओही होता. बँडने ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन हे दोन्ही करार याच समूहाशी केले. अल्बमचे बरेचसे काम समूहाच्याच स्टुडिओत झाले, काही वेल्समधील रॉकफील्ड येथे. वितरण बड्या कंपन्यांकडे नसल्यामुळे अल्बम ‘इंडी’ यादीत बसला, हे वेगळे सांगायला नको.

निर्माता होता जॉन लेकी, ‘अॅबे रोड’ स्टुडिओत तंत्रज्ञ म्हणून घडलेला. अकरा गाण्यांच्या या अल्बमची खरी ताकद शब्दांपेक्षा तालात आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. शहरातल्या ‘हॅसिएंडा’ क्लबमध्ये त्या वेळी अॅसिड हाउस या नृत्यसंगीताची लाट होती; साठच्या दशकातील गिटारचा गोडवा आणि नाचायला लावणारे बेस-ड्रम यांची सांगड या चौघांनी घातली. प्रयोगही बेधडक होते. एका गाण्याची फीत उलटी फिरवून तिच्यावर नवे शब्द गाऊन त्यांनी लगेच पुढचे गाणे तयार केले. शेवटचे गाणे आठ मिनिटांहून लांब आहे, आणि त्याच्या उत्तरार्धात गायक गप्प असतो, फक्त वाद्ये बोलतात. मुखपृष्ठावरचे रंगांचे शिंतोडे स्क्वायरनेच रंगवलेले. त्यांवर लिंबाच्या फोडी आहेत, कारण १९६८ च्या पॅरिसमधील आंदोलनात अश्रुधुरावर उतारा म्हणून तरुण लिंबू जवळ बाळगत, ही हकीकत बँडच्या कानी आली होती.

मे १९८९ मध्ये अल्बम आला तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. विक्री हळूहळू वाढत गेली. ऑगस्टमध्ये ब्लॅकपूल, नोव्हेंबरमध्ये लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस, त्याच महिन्यात ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचलेले ‘फूल्स गोल्ड’ हे स्वतंत्र गाणे, आणि मे १९९० मध्ये स्पाइक आयलंड येथे सुमारे २७ हजार श्रोत्यांपुढचा कार्यक्रम. वर्षभरात चित्र पालटले.

आता कराराकडे वळू. नवोदित बँडला कंपनी आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते, उचल असते. ऊसतोड कामगारांच्या उचलीची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. तपशिलात मोठा फरक असला तरी हिशेबाची रीत तीच. ध्वनिमुद्रणाचा खर्च, बऱ्याचदा चित्रफितीचा आणि प्रचाराचाही काही भाग, कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता होतो. ती फिटेपर्यंत अल्बम कितीही विकला गेला तरी कलाकाराच्या खात्यात उणे आकडाच दिसतो. त्याहून महत्त्वाचे कलम ‘पर्याया’चे. करार एका अल्बमचा दिसतो, पण पुढचे अनेक अल्बम घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क कंपनीकडे असतो. अल्बम पडला तर कंपनी मोकळी होते आणि चालला तर कलाकार बांधला जातो. हा करार होतो कधी? बँडला कोणी ओळखत नसते तेव्हा, म्हणजेच त्याची घासाघीस करण्याची शक्ती सर्वांत कमी असते तेव्हा. पदार्पणाच्या अल्बमचे दर पुढच्या यशालाही लागू होतात, ही या व्यवहारातली खरी मेख आहे.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. बहुतेक पहिले अल्बम तोट्यात जातात. दहांवर घातलेले पैसे एखाद्या यशस्वी बँडकडून वसूल करायचे असतील तर तो बँड हातचा जाऊ देणे परवडत नाही. युक्तिवाद खोटा नाही. प्रश्न असतो तो किती काळ आणि कोणत्या बदल्यात एवढाच.

बँडचा स्वभाव भांडखोर होता. आधीच्या एका छोट्या कंपनीने त्यांचे जुने गाणे नव्या चित्रफितीसह, त्यांच्या संमतीशिवाय, पुन्हा काढले तेव्हा जानेवारी १९९० मध्ये चौघांनी तिच्या कार्यालयात जाऊन रंग ओतला आणि पुढे दंड भरला. ‘सिल्व्हरटोन’शी लढा मात्र रंगाने नाही, वकिलांमार्फत झाला. बँड दुसरीकडे जाण्याच्या तयारीत आहे हे दिसताच कंपनीने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. निकाल लागेपर्यंत त्यांना अन्य कोणासाठीही ध्वनिमुद्रण करता येईना. लोकप्रियतेच्या ऐन भरात बँड गप्प झाला.

मे १९९१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बँडच्या बाजूने निकाल दिला. दीर्घकाळ बांधून ठेवणारा हा करार कंपनीवर मात्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करण्याचे पुरेसे बंधन घालत नव्हता. म्हणजे कंपनीने ठरवले असते तर बँडला घरी बसवून ठेवणे शक्य होते. बँडच्या बाजूने सल्ला देणाऱ्या वकिलाला संगीतव्यवसायातील करारांचा अनुभव नव्हता, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. करार एकतर्फी असून व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध घालतो, असे ठरवून तो अंमलबजावणीस अपात्र मानण्यात आला. ध्वनिमुद्रणाच्या करारात गुंतलेला प्रकाशनाचा करारही त्याबरोबर गेला.

या निकालाची वाट हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७४ मध्येच घालून दिली होती. टोनी मॅकॉले या गीतकाराने १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, एका प्रकाशन कंपनीला पाच वर्षांतील आपली सर्व निर्मिती लिहून दिली होती. कंपनीवर मात्र ती प्रकाशित करण्याचे बंधन नव्हते. सर्वोच्च पीठाने तो करार लागू करण्यास नकार दिला. मात्र सर्वच कलाकारांना असा दिलासा मिळतो असे नाही. जॉर्ज मायकेलने ‘सोनी’विरुद्ध असाच दावा केला आणि १९९४ मध्ये तो हरला. त्याचा करार तो प्रसिद्ध झाल्यानंतर, अनुभवी सल्लागारांच्या मदतीने नव्याने ठरला होता. दुर्बलाला संरक्षण देणारे तत्त्व बलवानाच्या मदतीला आले नाही.

मुक्त झालेल्या बँडने अमेरिकेच्या ‘गेफन’शी करार केला. पण थांबलेली गती पूर्ववत झाली नाही. दुसरा अल्बम आला तोवर ब्रिटनमध्ये ‘ओएसिस’सारखे नवे बँड पुढे निघून गेले होते. १९९५ मध्ये रेनी, १९९६ मध्ये स्क्वायर बाहेर पडला आणि त्याच वर्षी बँड संपला. २०११ मध्ये ते पुन्हा काही काळ एकत्र आले. जुन्या ध्वनिमुद्रणांचा ताबा मात्र ‘सिल्व्हरटोन’कडेच राहिला. १९८५ मध्ये नापसंत म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या फिती कंपनीने १९९६ मध्ये अल्बम म्हणून बाजारात आणल्या.

भारतात हा वाद उभा राहिला तर? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. करार संपल्यानंतरच्या बंधनांना न्यायालये सहसा थारा देत नाहीत. श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्याविरुद्ध ‘परसेप्ट डी’मार्क’ या व्यवस्थापन कंपनीने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नेमके हेच सांगितले: मुदत संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी जुन्या कंपनीपुढे ठेवण्याची सक्ती करणारे कलम टिकणार नाही. पण करार चालू असतानाची बंधने सामान्यतः वैध मानली जातात, आणि ‘द स्टोन रोझेस’चा तंटा चालू करारातलाच होता. अशा वेळी करार कमालीचा एकतर्फी आहे, हे कलाकाराला सिद्ध करावे लागेल.

कॉपीराइट कायद्याचा आधार अधिक थेट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी ध्वनिमुद्रिकेच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्यावरचा त्याचा अधिकार कायम राहतो. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर कायदा ती मुदत पाच वर्षे धरतो. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही, तर तेवढ्यापुरते हस्तांतर संपुष्टात आल्याचे मानले जाते. करारात वेगळे काही नमूद नसेल तरच.