फासे कोण तपासणार ?

जुगार हा गुन्हा आहे असे कायद्यात आरंभी सांगावयाचे आणि पुढे एक कलम घुसवून त्याच गुन्ह्याला परवाना द्यावयाचा, ही करामत गोव्याने १९९२ साली करून दाखविली. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ चा. अड्डे मोडून काढणे हा त्याचा हेतू. सोळा वर्षांनी त्यात १३-अ हे कलम आले आणि पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक करमणुकीची, म्हणजेच ‘स्लॉट’ यंत्रे मांडू देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. १९९६ साली त्यात समुद्रातील जहाजांवरच्या टेबलांच्या खेळांचीही भर पडली. ही ‘समुद्रातील’ जहाजे पणजीच्या दारात, मांडवीच्या पात्रात उभी आहेत. पण तो विषय निराळा.

हॉटेलातील या खोल्यांसाठी कलम काय मागते? खेळ यंत्रावरचा हवा, हॉटेल पाच ताऱ्यांचे हवे, आणि सरकार ठरवील ते शुल्क व त्या अटी पाळावयास हव्यात. हे तारे देते कोण, तर केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती. ती खोल्या पाहते, न्हाणीघरे पाहते, मुदपाकखाना पाहते आणि पाच वर्षांकरिता हॉटेलाची प्रत ठरविते. ते काम ती चोख करीत असेल. पण जुगाराचे यंत्र उघडून पाहणे हे तिचे काम नव्हे. परीक्षा झाली ती इमारतीची !

धृतराष्ट्राने द्यूतासाठी सभा बांधविली तिला हजार खांब आणि शंभर दारे होती असे महाभारत सांगते. सभागृहाच्या भव्यतेत उणे काहीच नव्हते. उणे होते ते फाशांत. आजचे यंत्र तर शकुनीहूनही अबोल आहे. कळ दाबताच आतली आज्ञावली एक आकडा काढते आणि चित्रे त्याप्रमाणे थांबतात. लावलेल्या पैशांपैकी सरासरी किती परत द्यावयाचे, हे प्रमाण त्या आज्ञावलीत आधीच ठरलेले असते. दहा रुपये लावून तासाला पाचशे वेळा कळ दाबणारा माणूस पाच हजार रुपये फिरवितो. परतावा शेकडा ९० असेल तर सरासरी पाचशे गमावतो, ७५ असेल तर साडेबाराशे. दोन्ही यंत्रे दिसावयास सारखीच, आणि एका संध्याकाळच्या खेळाने हा भेद कोणाच्या ध्यानात येण्याजोगा नाही. तो जाणणारा एकच, यंत्राचा मालक.

अमेरिकेतील नेवाडा राज्य काही सोवळे म्हणून प्रसिद्ध नाही. पण तेथेही यंत्राने किमान शेकडा ७५ परत केलेच पाहिजेत असा नियम आहे. न्यू जर्सीत हे प्रमाण ८३ आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याने यंत्रांचे वर्ग पाडले. मद्याचा परवाना असलेल्या जागेत हलक्या वर्गाची दोन यंत्रे ठेवता येतात आणि त्यांवर एका वेळी एका पौंडाहून अधिक लावता येत नाही. परताव्याचे प्रमाण यंत्रावरच खेळणाऱ्यास दिसावे लागते. आमच्या १३-अ मध्ये असा एकही आकडा नाही.

गोव्याने पुढे काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मज्जाव झाला. घरच्या माणसाला जे घातक, ते पाहुण्याला मात्र चालते ! याच सुमारास खेळांवर देखरेख ठेवणारा आयुक्त नेमला गेला, आणि नेमला कोण, तर वाणिज्य कर आयुक्त. गल्ला मोजणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राखणदारीही द्यावी, यात सरकारची दृष्टी कोठे लागली आहे ते उघड होते. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला आपला कॅसिनो कायदा सत्तेचाळीस वर्षे अमलात न आणता २०२३ साली निकालात काढण्याचे ठरविले. तो मार्ग गोव्याला पत्करावयाचा नसेल, तर निदान परवाना देणाऱ्याचे कर्तव्य तरी पत्करावे.

अशा अटी घातल्या तर हॉटेलमालकांच्या व्यवसायस्वातंत्र्यावर घाला येईल, ही सबब चालणारी नाही. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात १९५७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराच्या पंक्तीतून उठविले. जो व्यापारच नव्हे त्याला व्यापाराचे मूलभूत स्वातंत्र्य कोठले? सरकारला वाटेल तितक्या कडक अटी घालता येतात. पैशाचेही कारण नको. कॅसिनोवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला आहे. किमान परतावा नियमाने ठरवावा, तो यंत्रावर मराठी, कोंकणी, हिंदी व इंग्रजीत लिहावा, आणि मालकाशी वा करखात्याशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाने यंत्र तपासून मोहोरबंद केल्याखेरीज एकाही हॉटेलाच्या परवान्याचे नूतनीकरण करू नये.