मुलांचे आजार आणि घरगुती शुश्रूषा

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील, वाशीम जिल्ह्यांतल्या जऊळक्यासारखें गांव असो कीं पुण्या-मुंबईचें सुशिक्षित घर असो, मूल आजारी पडलें म्हणजे त्याचा पहिला वैद्य त्याची आईच असते. आपल्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, हें तिला ठाऊक असलें कीं पुष्कळ अनर्थ टळतात.

जुलाब होऊं लागले कीं ‘पोटाला विश्रांति’ म्हणून मुलाचें खाणें-पिणें तोडण्याची चाल जुनी आहे. पण ती घातक आहे. जुलाबाचा खरा धोका शरीरांतील पाणी व क्षार निघून जाण्यांत असतो. साखर आंतड्यांत शोषली जातांना मीठ व पाणी यांनाहि आंत नेते, आणि जुलाब चालू असतांहि ही क्रिया थांबत नाहीं. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं हजारों रोग्यांस असेंच पाणी पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्याहि खालीं आलें.

जलसंजीवनीची पुडी जवळ नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धाच सपाट चमचा मीठ विरघळवावें. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. प्रत्येक जुलाबानंतर हें पाणी घोट-घोट पाजावें व उरलेलें दुसऱ्या दिवशीं टाकून द्यावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न चालूच ठेवावें.

खोकल्याची परीक्षा श्वासावरून होते. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतील दायांनाहि श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविलें. मोठे आंकडे मोजतां न येणाऱ्यांसाठीं मण्यांचें साधन केलें. जें तेथें साधलें, तें घड्याळ असलेल्या घरीं अवघड नाहीं. मूल शांत असतां पूर्ण एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांखालीं ६०, वर्षाखालीं ५० व पांच वर्षांखालीं ४० किंवा अधिक श्वास भरल्यास, अथवा छाती आंत ओढली जात असल्यास, डॉक्टरांकडे तत्काळ जावें. मागील आजारांतील उरलेलें औषध देऊं नये.

मूल पाणीहि पिईनासें झालें, डोळे खोल गेले, शौचांत रक्त दिसलें, आंचके आले, किंवा दोन महिन्यांखालील मुलास ताप आला, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली असें समजावें. ही मर्यादा वेळींच ओळखणें हाहि शुश्रूषेचाच भाग होय.