आतड्यावरील शस्त्रक्रिया आणि मधुमेह

तंजावरचे मराठा अधिपती दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ ही वैद्यकशाळा चालविली. तेथील उपचार पुढे ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यांत ग्रथित झाले. त्यांचा एक भाग केवळ मधुमेहावर आहे. औषध व पथ्य हीच त्या वैद्यांची साधने होती. जठर व आतडे यांवर शस्त्रक्रिया करून रक्तातील साखर उतरविता येईल, ही कल्पना मात्र विसाव्या शतकात उदयास आली.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात, कृश रोग्याचा, दुसरा अपथ्यामुळे होणारा, स्थूल रोग्याचा. प्रौढपणी जडणारा मधुमेह बहुधा दुसऱ्याशी जुळतो. त्यात स्वादुपिंड इन्शुलिन निर्माण करते, परंतु शरीरातील पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. कालांतराने स्वादुपिंडही थकत जाते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे काही अंतरावर छेदून त्याचे खालचे टोक तिला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग टाळून थेट पुढे जाते. ही योजना मुळात अतिस्थूलतेवरील उपाय म्हणून निघाली. परंतु अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर पोरीज व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शस्त्रक्रिया झालेल्या १४६ मधुमेही रोग्यांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत राहिल्याचे नमूद केले.

वजन घटल्याने साखर उतरली, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. पुष्कळ रोग्यांची साखर वजन फारसे घटण्यापूर्वीच, काही दिवसांतच उतरते. आहार एकाएकी कमी होणे हे त्याचे एक कारण होय. दुसरे असे की, आतडे ही केवळ अन्न वाहून नेणारी नळी नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचले, की तेथील पेशी जी.एल.पी.-१ सारखे अंतःस्राव अधिक प्रमाणात सोडतात व ते स्वादुपिंडास इन्शुलिन स्रवण्यास उद्युक्त करतात.

तथापि यास रोगमुक्ती म्हणणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील तुलनात्मक अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची ठरविलेली मर्यादा केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांनी गाठली, तर या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्क्यांनी. लाभ स्पष्ट आहे; परंतु बहुसंख्यांना ती मर्यादा गाठता आली नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. शिवाय लोह, कॅल्शियम व बी-१२ जीवनसत्त्व यांची उणीव संभवते. म्हणून पूरक औषधे व रक्ततपासणी आजन्म चालू ठेवावी लागते.

मग हा उपाय कोणासाठी? २०१६ साली अनेक देशांतील वैद्यकसंस्थांनी पुरस्कारिलेल्या शिफारशींनुसार, किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक आशियाई रोग्यांत २७.५ वा अधिक असेल आणि औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीत हा अंक सुमारे ७० किलोग्रॅम वजनास येतो. ज्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन-निर्मिती जवळजवळ बंद पडते, त्यावर मात्र हा उपाय नव्हे.

अशा रीतीने शस्त्रक्रियेने पथ्याची जागा घेतलेली नाही. साखर उतरली म्हणून वैद्याकडे जाणे सोडणाऱ्याचा रोग त्याच्या नकळत परतू शकतो. नियमित तपासणी करून घेणाऱ्यास तो वेळीच ध्यानात येतो.