टोकियोत कचऱ्याचा डबा का सापडत नाही?

टोकियोत एकट्याने उतरणाऱ्या भारतीय प्रवाशाची पहिल्याच दिवशी एक अडचण ठरलेली असते. नारिता विमानतळावरून साठेक किलोमीटर अंतर कापून तो शहरात येतो, दुकानातून शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भाताचा गोळा, म्हणजे ओनिगिरी, घेतो आणि खाऊन झाल्यावर रिकामं वेष्टन हातात धरून कचऱ्याचा डबा शोधू लागतो. या चौकात डबा नाही, पुढच्या चौकातही नाही, आणि तरीही रस्त्यावर कागदाचा कपटा पडलेला दिसत नाही. वेष्टन शेवटी खिशात जातं आणि रात्री घरी निरोप जातो, की शिस्त या लोकांच्या रक्तातच आहे. मला वाटतं, परक्या देशात पहिल्या दिवशी डोळ्यांना जे दिसतं ते बहुधा खरं असतं. त्याचं जे कारण आपण लावतो ते मात्र बहुधा चुकतं. एकट्या प्रवाशाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जास्तच ठळक होतात. बोलायला सोबत कुणी नसल्यामुळे तो अधिक बारकाईने पाहतो, आणि सोबत कुणी नसल्यामुळेच त्याचा तर्क खोडून काढणारंही कुणी नसतं.

डबे का नाहीत, याचा रक्ताशी संबंध नाही. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे विषारी रसायन सोडलं. डझनाहून अधिक माणसं मेली, हजारोंना बाधा झाली आणि त्यानंतर सुरक्षेसाठी स्थानकांवरचे आणि सार्वजनिक जागांवरचे डबे मोठ्या प्रमाणावर हटवले गेले. स्वच्छतेची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि ती भांडणाची आहे. 1964 च्या ऑलिम्पिकसाठी शहर झाडूनपुसून घेतलं गेलं खरं. पण पुढच्याच वर्षी युमेनोशिमा इथल्या कचऱ्याच्या भरावावरून माश्यांचे थवे कोतो या प्रभागातल्या वस्तीवर तुटून पडले. साऱ्या शहराचा कचरा कोतोच्या दारात येत होता. 1971 मध्ये राज्यपाल र्‍योकिची मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केलं. सुगिनामी प्रभागातले रहिवासी आपल्याकडे कचरा जाळण्याचं केंद्र होऊ देईनात, तेव्हा कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या गाड्या अडवल्याचं ज्यांना आठवतं, त्यांना हे दृश्य परकं वाटू नये. या संघर्षातूनच, ज्याचा कचरा त्याने आपल्याच हद्दीत जिरवावा, हे तत्त्व तिथे पुढे आलं. आज जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, हे ठरलेलं असतं. वर्गवारी चुकली तर पिशवी उचलली जात नाही. कारण सांगणारी चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवली जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसेल अशी.

यावर कुणी म्हणेल, संस्कृतीचा काहीच वाटा नाही का? आहे, नक्कीच आहे. जपानी शाळांत मुलं आपला वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः झाडतात. पण ती सफाई शाळेच्या दिनक्रमात बसवलेली आहे, वर्षानुवर्षं करून घेतली जाते. जन्मजात असती तर त्यासाठी रोजचा वेळ राखून ठेवावा लागला नसता. दुसरा आक्षेप असा, की आठवडाभराच्या सुट्टीवर आलेल्या माणसाने एवढं खोदत कशाला बसायचं? त्याने आनंद घ्यावा, हे मलाही मान्य आहे. मात्र त्याच्या निरोपाला बहुतेकदा एक शेपूट असतं: आपल्याकडे हे कधीच व्हायचं नाही. माझा खरा विरोध या शेपटाला आहे. शिस्त रक्तात असते असं एकदा मानलं, की महापालिकेला जाब विचारण्याचं कारणच उरत नाही, आणि शहराच्या वेशीवरच्या गावांनी वर्षानुवर्षं सोसलेली दुर्गंधी हे त्यांचं नशीब ठरतं.

म्हणून पहिल्या दिवसाची नोंद टाकून द्यावी, असं मी म्हणणार नाही. टोकियोत वर्षानुवर्षं राहणाऱ्याला डब्याची अनुपस्थिती जाणवेनाशी होते. नवख्याला ती तासाभरात खुपते. ही नजर फार मोलाची आहे, आणि ती काही दिवसांतच बोथट होते. तेव्हा जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून ठेवावं, कारणाची जागा मात्र कोरी सोडावी. एकटी प्रवास करणारी बाई पहिल्या रात्री लिहिते, की इथे उशिरापर्यंत निर्धास्त फिरता येतं. तिचा अनुभव खोटा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत तिला फक्त बायकांसाठी राखलेला रेल्वेचा डबा दिसतो. लोकलला सरावलेल्या मुंबईकर बाईला त्यात नवल वाटणार नाही, पण निर्धास्त वाटलेल्या शहराला तो का लागावा, हा प्रश्न तिला पडायला हवा. टोकियोतल्या रेल्वे कंपन्यांनी 2001 पासून असे डबे सुरू केले ते खच्चून भरलेल्या गाड्यांत बायकांच्या अंगचटीला येणाऱ्या पुरुषांच्या तक्रारींमुळे. आदल्या रात्रीच्या नोंदीखाली हेही लिहायला वहीत जागा हवी.