थंडीत सायकल, आणि गायब होणारी बोटं (एपिसोडचा मजकूर)

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना आलेले पन्नासेक ‘म्हणजे’ काढून टाकलेत, थोडे राहिले असतील.

डिसेंबरमधली पहाट. मी जुना कात्रज घाट चढून बोगद्यापाशी पोचलो. चढामुळे अंग तापलेलं, टी-शर्ट घामानं ओला, जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडी. एकदम राजा! बोगदा ओलांडला, खेड शिवापूरच्या बाजूचा उतार लागला आणि पाच मिनिटांत बोटं गायब. दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. वळणाआधी ब्रेक दाबायला गेलो, तर बोटांना ते जरा उशिरानं कळलं. ताशी 40 किलोमीटर वेगात नुसता अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. वळण मी घेतलं, पण रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं. समोरून काही येत नव्हतं, म्हणून आज इथे बसून बोलतोय.

मग काय, घरी येऊन जाडजूड लोकरीचे ग्लोव्हज घेतले. पुढच्या राइडला परत तेच. रोज कोडमधले बग शोधणारा माणूस मी, आणि इथे कारण न शोधताच पॅच मारला होता.

खरं कारण बोटांत नसतंच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या. त्यामुळे बोट स्वतः फारशी उष्णता तयार करत नाही, ती रक्तातून येते. आता छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर हिशेब करतं: हृदय, फुप्फुसं आधी, बोटं नंतर. बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं. मग ग्लोव्हज कितीही भारी असू देत. ग्लोव्ह म्हणजे थर्मास, शेगडी नव्हे. आत गरम काही आलंच नाही तर टिकवणार काय?

माझ्या बाबतीत छाती गार का पडली, तर ओला टी-शर्ट, उघडी चेन आणि वारा. पुण्यात थंडी पडली की पहाटेचा पारा 8-10 अंशांवर येतो. वाऱ्यात किती गार वाटेल हे काढायचं एक सूत्र हवामानवाले वापरतात. ते चेहऱ्याच्या त्वचेसाठी बनवलंय, पण अंदाजाला चालतं. मी 8 अंश टाकून बघितलं: ताशी 15 च्या वेगाला साधारण साडेपाच अंश, 25 ला साडेचारच्या आत, 40 ला सव्वातीन. गंमत बघा, पहिल्या 15 मध्येच निम्म्याहून जास्त मार बसलाय. त्यामुळे ‘हळू चालवतो, मग थंडी नाही लागणार’ यात फार दम नाही. त्यात उतारावर आपण पेडल मारत नाही, म्हणजे आतली भट्टीही बंद. आणि हिवाळ्यात वारा पडलेला असेल तर थंड, जड हवा रात्रभर सखल भागात साचते, त्यामुळे खाली उतरताना गारठा वाढूही शकतो.

म्हणून खर्च करायचा तर आधी छातीवर करा. वारा अडवणारं पातळ विंडचीटर पुरतं. तेही नसेल तर जुना, फुकटातला उपाय: उतार सुरू होण्याआधी वर्तमानपत्राची चार पानं टी-शर्ट आणि जॅकेटच्या मध्ये घाला. युरोपातले रेसर डोंगर उतरताना वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मग मनगट. जॅकेटची बाही आणि ग्लोव्ह यांच्यात दोन बोटांची फट राहते ना, तिथे रक्तवाहिन्या अगदी कातडीलगत असतात. जुन्या मोज्याचा पंजा कापून मनगटावर चढवला की झालं.

आता ग्लोव्हज. लोकर उबदार असते, पण विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे वरचा थर वारा अडवणाराच हवा. आणि घट्ट नको. घट्ट ग्लोव्हमध्ये हवेचा थर राहत नाही, शिवाय रक्त अडतं. दुकानात मूठ आवळून बघा, ताण जाणवला तर एक साइज मोठी घ्या. घामानं किंवा दवानं ओले झाले तर बदला, कारण पाणी स्थिर हवेच्या वीसेक पट उष्णता ओढून नेतं. मी सुकी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत खिशात ठेवतो. ब्रेकचा लिव्हर अॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर जुनी हँडलबार टेप गुंडाळा, धातू बोटांतली ऊब फार पटकन खेचतो. फक्त लिव्हर पूर्ण दाबला जातोय का, ते घरीच तपासा.

एक वेगळा बग सांगतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढीच दोन बधिर होत असतील तर थंडीपेक्षा तळव्यातून जाणाऱ्या नसेवरच्या दाबाचा संशय जास्त. हातांची पकड बदलत राहा, सीट आणि हँडल तपासून घ्या. आणि थोड्याशा गारव्यातही बोटं पांढरीफटक, मग निळी पडत असतील तर ग्लोव्हज शोधू नका, डॉक्टरांना दाखवा.

बोटं गेलीच तर? थांबायचं. उतारावर ‘अजून दोनच किलोमीटर’ म्हणायचं नाही. सायकल बाजूला लावून हात खांद्यापासून पवनचक्कीसारखे गरागरा फिरवा, त्यानं रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. मग हात काखेत. रक्त परत येताना जाम ठणकतं, डोळ्यांत पाणी येतं, पण ते बोटं शुद्धीवर येत असल्याचं लक्षण. चहाचा ग्लास मात्र लगेच पकडू नका, बधिर बोटांना चटका कळत नाही.

गेल्या रविवारी परत कात्रजला गेलो. बोगद्यापाशी थांबलो, टी-शर्ट बदलला, छातीत रविवारची पुरवणी, चेन गळ्यापर्यंत. खाली शिवापूरला पोचेपर्यंत दहाही बोटं हजर होती. टी-शर्ट पांढरा होता एवढीच चूक. आता त्यावर अर्धं राशिभविष्य उलटं छापलंय आणि आई म्हणते, तूच धू.